सामानापाशी कोण बसणार?

मनकर्णाबाईला कुणी विचारलं असतं, की बाई, तुम्ही आयुष्यात काय काय पाहिलं, तर तिनं सरळ सांगितलं असतं: पिशव्या. मार्कंड्याच्या जत्रेत सगळं घर वैनगंगेत डुबकी मारून आलं, ही काठावर गाठोड्यांपाशी. चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत तेच. हेमलकशाला सगळे आत जाऊन बिबट्या पाहून आले, हिनं फाटकाबाहेर जेवणाचे डबे पाहिले आणि त्यांच्यावर टपलेली माकडं पाहिली. आणि अतुलची पदवी? पोटचा पोरगा काळा झगा घालून नागपूरला स्टेजवर चढला, तेव्हाही ही हॉलबाहेर जिन्याखाली सामान राखत होती. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. त्यातल्या आपल्या पोरासाठीच्या कोणत्या, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. ती गोष्ट निघाली की अजून तिचे डोळे भरून येतात, आणि मग राग येतो.

वाक्य दर वेळी एकच असायचं. "तू बस सामानापाशी, आलोच आमी." आणि हे 'आलोच' म्हणणारे दोन-दोन तास फिरकायचे नाहीत.

यंदा धानाची रोवणी आटोपली तसं अतुलनं सहलीचं काढलं. तो ब्रह्मपुरीला कॉलेजात क्लार्क, बायको दीपिका आणि नऊ वर्षांची दिव्यानी यांच्यासह तिथंच राहतो. आईबाप गावी शेती करतात. बेत असा की शनिवारी तलावाच्या पाळीवर तंबूत मुक्काम आणि रविवारी तिथून जवळच्या वॉटर पार्कात दिवसभर मजा. दीपिकानं फोनवर बजावलं, की त्या पाण्यात नायलॉनचेच कपडे लागतात, दुसरे चालत नाहीत. म्हणून तिनं सगळ्यांसाठी मागवले. स्वतःला, अतुलला, दिव्यानीला, सासऱ्यालासुद्धा एक हाफ पँट मागवली. सासूला नाही. आई कुठी पाण्यात उतरतात, असं म्हणाली. बरं, सून वाईट नाही हो. तिच्या मनातही आलं नाही इतकंच. पण कुणाच्या मनात न येणं हेच तर मनकर्णाबाईचं चाळीस वर्षांचं दुखणं होतं.

आता इथं एक सांगायला पाहिजे. त्यांच्या गावात नायलॉन हे काही नुसतं कापड नाही, ते काम आहे. रोवणीला पुरुष धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पऱ्ह्याच्या, रोपांच्या पेंढ्या फेकणार आणि बायांनी गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, वरून पाऊस. सुती लुगडं भिजलं की मणाचं होतं आणि दोन दिवस वाळत नाही. म्हणून बाया जुनी नायलॉनची साडी नेसतात, काष्टा घट्ट मारतात, पदर कमरेला गुंडाळून गाठ देतात आणि वरून नवऱ्याचा टाकलेला फुल शर्ट चढवतात. 'आज नायलॉन हाये का गं?' असं एकीनं दुसरीला विचारलं, की त्याचा अर्थ, आज बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरणार का. त्यामुळे वॉटर पार्कात नायलॉन लागतं हे ऐकून मनकर्णाबाईचं मन एकदम निवांत झालं. तिला वाटलं, चला, शहाण्या माणसांनी काढलेला दिसतो हा पार्क. पाण्यात काय नेसावं हे त्यांना कळतं. तिनं रोवणीचं हिरवं नायलॉन आणि नवऱ्याचा, सोमाजीचा, शाई सांडलेल्या खिशाचा शर्ट दोनदा धुतला, घडी केली आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. कुणाला बोलली नाही.

शनिवारी दुपारी पोहोचले. पाऊस दहा मिनिटं पडायचा आणि अर्धा तास उमस काढायचा. अंगाला अंग चिकटत होतं. तंबू दिसायला देखणा, पण आत शिरलं की धान उकडायच्या हंड्यात बसल्यासारखं वाटायचं. मनकर्णाबाईनं पाहिलं, की तंबू नेमका उताराच्या तोंडाशी ठोकलाय. तिनं अतुलकडून खुरपं मागवून भोवती नाली काढून घेतली, तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं हसली. संध्याकाळी त्यांच्याच गाद्या ओल्या झाल्या ते सोडा.

तेवढ्यात नावेचा फेरा निघाला. नावेत चौघांची जागा होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते ठरलेलं होतं. "तू बस सामानापाशी," सोमाजी चप्पल काढता काढता म्हणाला, "आलोच." आणि चौघं गेले. मनकर्णाबाई तंबूच्या तोंडाशी बसली, पिशव्या मागे, पाऊस पुढे. तास झाला, वर अर्धा झाला. परत आल्यावर दिव्यानी आजीला बिलगली आणि कमळं किती होती, पाणकोंबडी पिल्लांना घेऊन कशी पळाली, हे सांगत सुटली. सांगून झाल्यावर म्हणाली, "आजी, तू काऊन नाई आली?"

आता काय सांगायचं त्या पोरीला? मनकर्णाबाईनं तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. पण आतून ती अशी पेटली की विचारू नका. मोठ्यांपैकी कुणाला न पडलेला प्रश्न पोरीला पडला होता. उद्या काही झालं तरी सामानापाशी बसायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

रविवारी वॉटर पार्कात पाय ठेवला तेव्हा ऊन असं कडक होतं, की फरशी पोळत होती. यंत्रानं लाटा उठवणाऱ्या मोठ्या हौदाच्या कडेला छत नसलेले लांबच लांब बाक होते. मनकर्णाबाईची नजर आधी तिथंच गेली. प्रत्येक बाकावर एक बाई आणि तिच्याभोवती पिशव्या. कुणाच्या मांडीवर चपलांची थैली, कुणाच्या गळ्यात चार जणांचे मोबाइल. सगळ्या जणी पाण्याकडे पाहत होत्या आणि एकीच्याही अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. तिला त्या बाकांचा भारी राग आला.

बाकी सगळे कपडे बदलून आले. सोमाजीच्या हाफ पँटवर पिवळे पोपट होते. त्याच्या काड्यांसारख्या पांढऱ्या मांड्यांना पहिल्यांदाच ऊन लागत होतं, पण गडी खुशीत होता. पिशव्या त्यानं बाकावर रचल्या आणि बायकोला हाक मारायला वळला, तर ती बदलायच्या खोलीतून बाहेर येत होती. हिरवं नायलॉन, घट्ट काष्टा, गुडघ्याखाली उघडे पाय, वर शाईच्या डागाचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला.

दीपिकानं इकडेतिकडे पाहिलं. अतुल म्हणाला, आई, हे काय घातलं. सोमाजीचं तोंड तर असं झालं, जणू कुणी भर बाजारात त्याची टोपी उडवली. त्यानं खालच्या आवाजात सुरुवात केली. लोक हसून राह्यले, हे काय शेत आहे का, वयाचा काही विचार, पाय उघडे टाकून फिरतेस, गावात कळलं तर. मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं. घाई नव्हती तिला. चाळीस वर्षं थांबलेली बाई ती.

"चाळीस वर्षं हेच पाय बांधीत दिसले तुमाले," ती म्हणाली. "तुमी धुऱ्यावर उभे राहून पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकत होते. तवा नाई लाज वाटली? कामाले पाय दिसले तं चालते, अन् मजेले दिसले तं इज्जत जाते? आपल्या पोपटाइकडे पाहा जरा."

दिव्यानी फिसकन हसली. अतुलनं मान वळवली, पण त्याचेही खांदे हलत होते. सोमाजी लालबुंद झाला. लाजेचा मुद्दा तर हातचा गेला, मग त्यानं ठेवणीतला काढला, जो आजवर कधीच वाया गेला नव्हता.

"अन् सामानापाशी कोण बसणार?"

"तुमी," मनकर्णाबाई म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. पण हा एक शब्द बोलायला तिला किती वर्षं लागली हे तिचं तिलाच माहीत. सोमाजी काही बोलायच्या आत तिनं नातीचा हात धरला आणि हौदाकडे चालू लागली. मागे अतुल-दीपिका घसरगुंडीकडे सटकले आणि सोमाजी पिशव्यांपाशी बाकावर टेकला.

हौदाच्या तोंडाशी पार्कचे मॅनेजर होते, त्यांना सगळे भैयाजी म्हणायचे. पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी, स्वभावानं गरीब माणूस. त्यांनी हात आडवा केला. साडी चालत नाही म्हणाले, नियम आहे. मनकर्णाबाईनं दिव्यानीला पुढे केलं आणि भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचायला सांगितली. पोरीनं शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी खणखणीत वाचली: पाण्यात उतरताना फक्त नायलॉनचेच कपडे घालावेत.

"मंग हे नायलॉनच हाये," मनकर्णाबाई म्हणाली आणि काष्ट्याचं टोक चिमटीत धरून दाखवलं.

भैयाजी गडबडले. नायलॉन म्हणजे कॉस्च्युम हो बाई, असं समजावू लागले. तर मग तसं लिहायचं होतं, म्हणाली ती, गावच्या बाईनं नायलॉन म्हणजे काय समजावं? मागे रांग लागली होती, लोक कान देऊन ऐकत होते. भैयाजींनी मग खरं कारण सांगितलं. पदर सुटतो, लाटेत पायात अडकतो, माणूस बुडू शकतो. ही गोष्ट मात्र मनकर्णाबाईनं उडवून लावली नाही. पाण्यात पदराचं भय काय असतं हे तिच्याहून जास्त कुणाला कळणार? ती म्हणाली, हे बरोबर बोलले तुम्ही. आता असं करा, एक सुटं टोक शोधून दाखवा. सापडलं तर मी आल्या पावली जाऊन बाकावर बसते.

बाईमाणसाच्या कपड्याला हात कसा लावणार? भैयाजींनी तिथं कामावर असलेल्या निशात नावाच्या मुलीला बोलावलं. निशातनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, काष्टा ओढला, कमरेची गाठ ओढली. मनकर्णाबाई अशी स्थिर उभी, की जागची हलली नाही. शेवटी निशात हसून म्हणाली, सर, आपल्याकडच्या कॉस्च्युमपेक्षा घट्ट आहे. रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. भैयाजींनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, फक्त या हौदात, घसरगुंडीवर नाही. मनकर्णाबाई म्हणाली, घसरगुंडीचं कौतुक तुम्हालाच, मी पावसाळाभर धुऱ्यावरून घसरते.

आणि ती पाण्यात उतरली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. गुडघ्याशी आल्यावर सवयीनं कंबर वाकली, हात खाली गेला. पण खाली चिखल नव्हता, रोवायला काही नव्हतं. तिला स्वतःचंच हसू आलं. मग ती सरळ उभी राहिली. एवढ्या पाण्यात काही काम नसताना सरळ उभं राहायची तिची ती पहिलीच वेळ होती. लाट आली, गळ्यापर्यंत चढली, दिव्यानी किंचाळली आणि दोघी एकमेकींना धरून पाण्यातच बसल्या.

कडेच्या बाकावरून एक बाई हे सगळं पहिल्यापासून पाहत होती. ब्रह्मपुरीच्या बांगड्यांच्या दुकानातल्या खातूनबी. नवरा गुलाम रसूल नातवंडांना घेऊन केव्हाचा घसरगुंडीकडे गेलेला. खातूनबी उठून हौदाच्या काठाशी आल्या, आपल्या कमीजची कड बोटांत चोळत. "बाई," त्यांनी हळूच विचारलं, "हे भी नायलॉनच आहे ना?"

मनकर्णाबाईनं ओल्या हातानं कापड चाचपलं. दुपट्टा तेवढा काढून ठेवा म्हणाली, बाकी पक्कं नायलॉन. निशातनंही पाहून मान डोलावली. खातूनबींनी मागे वळून आपल्या पाच पिशव्यांकडे पाहिलं. मग त्या एकेक उचलून सोमाजीच्या बाकावर नेऊन ठेवल्या. मनकर्णाबाईला ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं. जन्मभर ऐकलेलं वाक्य, कळणार कसं नाही? भाऊ, जरा लक्ष ठेवा, आलेच मी.

सोमाजीला परक्या बाईला नाही म्हणवेना. आणि मग पलीकडच्या बाकावरची एक उठली, तिच्यामागून आणखी एक. निशातच्या पुढे नायलॉन तपासून घ्यायला बायांची रांग लागली. कुणाचं निघालं, कुणाचं सुती निघालं. सुतीवालीही हटली नाही, कपडे भाड्यानं मिळतात त्या खिडकीकडे तरातरा गेली. जाताना प्रत्येकीनं आपलं सामान सोमाजीच्या हवाली केलं. थोड्या वेळानं पिशव्यांच्या मधून त्याच्या पँटवरचे पोपटही दिसेनात.

मग आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. गंमत पाहा, पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली शहरी माणसं पावसानं भिजू म्हणून छपराकडे पळाली. बाया राहिल्या. त्यांना पावसाचं काय? बाकावर मात्र धांदल उडाली. सोमाजी दोन पिशव्या उचलायचा तर तिसरी भिजायची. एक छपराखाली ठेवून दुसरीसाठी धावायचा. त्यात चपलांची थैली फुटली. मनकर्णाबाई पाण्यातून पाहत होती. अशा वेळी आधी डबे उचलायचे असतात, मग कपडे, चपला सगळ्यात शेवटी, हे तिला तोंडपाठ होतं. त्याला कुठून माहीत असणार? क्षणभर तिचा जीव कळवळला. पाय आपसूक काठाकडे वळले. मग तिला जिन्याखालची ती जागा आठवली आणि आतून येणाऱ्या टाळ्या. पाय थांबले.

छपराखालून सोमाजी तिलाच शोधत होता, हातात कुणाच्यातरी चार चपला. नजरानजर झाली. अजून किती वेळ, असं त्यानं हातानं विचारलं.

मनकर्णाबाईनं हात वर केला आणि पावसाच्या वरताण आवाजात सांगितलं, "बसा सामानापाशी. आलेच मी."

पुढची लाट येत होती. तिनं एका हातानं दिव्यानीला धरलं, दुसऱ्या हातानं खातूनबींना, आणि काठाकडे पाठ केली.