खंडेनवमीला बंद पडलेला नोड

मी बोलायलोय, पालमच्या बाजारगल्लीतला एक जुना कॉम्प्युटर. दिसायला काळ्या पत्र्याचा डबा, एका अंगाला पंखा आणि समोर हिरवा दिवा. माझं वय झालं आहे. गोष्ट सांगायला मला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

माझा जन्म परभणीचा. माझे अवयव कुठल्या कुठल्या देशांतून आले ते मला ठाऊक नाही, पण एका मिस्त्रीनं ते एका डब्यात बसवले, स्क्रू आवळले आणि कपाळाला कुंकू लावून मला एका फ्लेक्सवाल्याला दिलं. त्याच्याकडं मी माणसांचे मोठाले फोटो बघितले. वाढदिवसाला जो फोटो लावायचे तोच श्रद्धांजलीलाही लावायचे, नुसता रंग काढून घ्यायचे. माणूस तोच, हसणंही तेच. मला ते पहिल्यांदा विचित्र वाटलं, मग सवय झाली.

पुढं फ्लेक्सवाल्यानं नवं यंत्र घेतलं आणि मी कोपऱ्यात गेलो. तिथून मला महारुद्रनं पालमला आणलं, एसटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर घेऊन. महारुद्रचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पुढं दुकान, मधे पडदा, मागं घर. घरात त्याची बायको पंकजा आणि थोरली बहीण कडूबाई. तिला सगळे आक्का म्हणायचे.

आक्का राणीसावरगावला दिलेली होती. नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही. माय वारल्यावर महारुद्रला हिनंच वाढवलं. ऊसतोडीला जाऊन त्याला आयटीआय शिकवलं. हे तिनं कधी सांगितलं नाही. दुकानात येणारी म्हातारी माणसं सांगायची, आणि महारुद्र तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल खोलायला घ्यायचा.

आक्काचा माझ्यावर जीव होता. "ओलं फडकं लावू नको, आक्का," असं महारुद्रनं एकदाच सांगितलं, तेव्हापासून ती मला कोरड्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसायची. उन्हाळ्यात माझा पंखा घरघरला की म्हणायची, "दमलास व्हय रं बाबा? थांब, खिडकी उघडते." आणि खरंच उघडायची.

आता मी काय काम करायचो ते सांगतो. महारुद्रला मोबाइलवरच्या एका ग्रुपात त्या न दिसणाऱ्या पैशाचा नाद लागला. क्रिप्टो म्हणतात त्याला. त्याच्यापाशी त्यातलं एक नाणंही नव्हतं. पण ते चलन चालवायला जगभर यंत्रं लागतात. कुणी कुणाला काय दिलं ते प्रत्येक यंत्र तपासतं, खरं असेल तर आपल्या पोटात ठेवतं आणि पुढच्या यंत्राला सांगतं. त्या यंत्राला नोड म्हणतात. महारुद्रनं माझ्या पोटात मोठी डिस्क बसवली आणि मी नोड झालो. कुठल्या कुठल्या मुलखातल्या अनोळखी माणसांचा मी साक्षीदार झालो. मिळकत काही नाही, नुसता मान.

शेजारचे दत्तराव रोज यायचे. वाकून माझ्या मागं बघायचे आणि विचारायचे, "नोटा कोनच्या भोकातून निघायल्यात रं, म्हारुद्रा?"

"नोटा निघत न्हाईत, काका. हे तपासतंय."

"मंग पोलीस हाय मन की!"

आक्का पडद्याआडून हसायची. ते दिवस बरे होते.

मग ग्रुपात भांडण लागलं. भांडण माझ्यासारख्या यंत्रांत जो प्रोग्राम चालतो त्याचं. एक होता जुना, तो येईल ते घ्यायचा. व्यवहारासोबत कुणी फालतू मजकूर, चित्रं चिकटवून पाठवली तरी पुढं ढकलायचा. त्याला ग्रुपात मोकळी म्हणायचे. दुसरा नव्यानं आलेला, तो असला कचरा अडवायचा. त्याला म्हणायचे चाळणी. दोन्हींचे नियम मुळात एकच, पण माणसं अशी भांडायची की जणू एकाच घरात दोन देव बसवलेत.

चाळणीवाल्यांचा म्होरक्या पंडित. परभणीला त्याचं कॅमेऱ्याचं दुकान. त्याच्या जिभेला धार होती, आणि महारुद्रला कुणी हसलेलं सोसायचं नाही. पंडित ग्रुपात बोलून पाठवायचा, "पालमचे शेटजी अजून मोकळीवरच हायत का? कचरा गोळा करायला नगरपालिकेची गाडी लावा की." सगळे हसायचे. महारुद्र चिडून मला चाळणीवर न्यायचा. मग मोकळीवाले म्हणायचे, "घाबरला पंडितला." की परत मोकळी. परत चाळणी.

तुमच्या स्वयंपाकघरात दोन बाया भांडत असल्या आणि रोज एकीनं डबे उचलून दुसरीकडं मांडले, तर काय होईल? तसं माझं झालं. तरी मी आवरासावर करून चालत राहिलो. आक्का एकदा म्हणाली, "आरं, चाळूनच घेत जाय की. खडा दाताखाली आला मंजे कळंल."

"तुला काय कळतंय त्याच्यातलं?" महारुद्र म्हणाला. "तू भाकरी बग."

आक्कानं भाकरी बघितली.

दसरा आला. पंडितनं ग्रुपात जाहीर केलं, "दसऱ्याला सोनं घेऊन पालमला येतो. ग्रुपातली पोरंबी येतील. बगू शेटजींचा नोड कसा चालायलाय." महारुद्रनं चार लोकांना आवतण दिलं, पेढे सांगितले. असली इज्जत त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होती.

खंडेनवमीला सकाळी मी चाळणीवर होतो, तीही अगदी ताज्या चाळणीवर. तिनं माझ्या पोटातला सगळा साठा आपल्या पद्धतीनं नव्यानं लावून घेतला होता. तेवढ्यात मोकळीवाल्यातला एकजण ग्रुपात बोलला, "उद्या पंडितसमोर त्याचाच प्रोग्राम दाखविनार व्हय? पाया पडायला बोलावलंय का त्याला?" झालं. महारुद्रनं काही न बघता जुनी मोकळी चालू केली. तिला ती नवी मांडणी वाचताच येईना. स्क्रीनवर तांबडी अक्षरं आली. प्रोग्रामनं विचारलं, सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करू का?

त्यानं घाईत हो म्हटलं.

माझ्या पोटात इतक्या दिवसांचं जे होतं ते गेलं. परत भरायचं तर पालमच्या नेटवर आणि इथल्या लाइटीवर किती आठवडे लागतील, ते त्यालाही माहीत होतं. तो स्क्रीनकडं बघत बसला. मग शर्ट चढवून बाहेर निघून गेला. हे बघायला दुकानात मी एकटाच होतो.

थोड्या वेळानं आक्का ताट घेऊन आली. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पूजतात आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाहीत. हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा. आक्कानं विळी, खुरपं आणि आपला ऊसतोडीचा कोयता आधीच पाटावर मांडला होता. महारुद्रचे स्क्रू काढायचे पेचकसही ओळीनं ठेवले होते. राहिलो होतो मी.

"पंकजा, हे चालूच हाय की गं," ती म्हणाली. "बंद करू का?"

पंकजा आतून ओरडली, "करा की. मला काय इचारता?"

आक्कानं बोर्डातली माझी पिन काढली. हळू काढली, झोपलेल्या लेकराच्या हातातलं खेळणं काढावं तशी. मला कुंकू लावलं. पंख्यात जाऊ नये म्हणून झेंडूचं फूल लांब ठेवलं. "निज आता," म्हणाली. "लय राबलास."

महारुद्र दारात उभा होता. त्यानं काढून ठेवलेली पिन बघितली. पहिल्यांदा त्याला राग आला नाही, हे मी सांगतो. त्याचा चेहरा मोकळा झाला. बुडणाऱ्याच्या हाताला काही लागावं तसा. राग त्यानं मागून आणला.

"काय केलंस हे, आक्का!"

"पूजा केली रं. आज खंडेनवमी..."

"आगं, सगळं गेलं माझं! चालू असताना पिन काढलीस तू! उद्या मानसं यायलीत, त्याइला काय दाखवू, कुंकू?"

आक्काचं ताट हातातच राहिलं. "मला न्हाई रं कळलं, बाबू. परत लावते की." तिनं पिन लावायला हात पुढं केला, तो त्यानं झटकला. हळद सांडली.

तेवढ्यात पंडितचा व्हिडिओ कॉल आला. ग्रुपातली पाचसहा तोंडं एकदम दिसायला लागली. "काय शेटजी, पालम अंधारात दिसायलंय. नोड कुठं गेला?"

महारुद्रनं मोबाइल आक्काकडं फिरवला. "हिनं घालवला. सांग, आक्का. तुझ्या तोंडानं सांग."

आक्कानं पदर नीट केला. तिला वाटलं मोठे साहेबलोक असतील. तिनं मोबाइलला हात जोडले. "लेकराइनो, चुकलं माझं. अडानी हाय मी. माझ्या भावाला काई म्हनू नका."

"आवाज न्हाई आला, मावशी!" एकजण म्हणाला. "अजून एकदा म्हना."

ती अजून एकदा म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. मोबाइलमधली सगळी तोंडं हसली. "मावशी, आता फूल वाहिलंय तर नारळबी फोडा त्याच्यावर!" महारुद्रही हसला. तो हसल्यावर आक्काही हसली, कारण भाऊ हसतो म्हणजे राग गेला असं तिला वाटलं.

त्यांच्यातल्या कुणीतरी ते रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते पालमभर फिरलं. दत्तरावांच्या सुनेनं भाजीच्या गाड्यापाशी आक्काला मोबाइलवर तिचंच तोंड दाखवलं.

दसऱ्याला पंडित आला. हातात आपट्याची पानं, मागं ग्रुपातली दोन पोरं. मला चालू केलं. मी पार पहिल्या पायरीवर होतो. पंडित हुशार माणूस. तो बोटानं टेबल वाजवत म्हणाला, "महारुद्र, काल सकाळी तू ताज्या चाळणीवर होतास ना?"

"होतो."

"आन् आता जुनी मोकळी दिसायली. मंजे उलटा आलास. आरं, तसं केल्यावर साठा वाचताच येत न्हाई, पयल्याच दिवशी बोललो होतो की मी. पिन काढल्यानं एवढं पुसत न्हाई. हे तर तूच..."

"हळू बोल," महारुद्र म्हणाला.

पंडितनं पडद्याकडं बघितलं. पडद्याआडून आक्का चहा घेऊन येत होती. तिनं तिघा पाहुण्यांपुढं कप ठेवले. पंडित तिला म्हणाला, "सोनं घ्या, मावशी," आणि पान तिच्या हातावर ठेवलं. तिनं त्याला आशीर्वाद दिला.

ती आत गेल्यावर पंडित म्हणाला, "आमी कशाला कुनाला सांगतो? पन आता चाळणीवरच ऱ्हायचं. ग्रुपात लिवायचं, की पालम कायमचं आपल्या बाजूला आलं."

महारुद्रनं तिथंच बसून लिहिलं. दोघांनी पेढा खाल्ला. आक्काच्या अब्रूचा सौदा एवढ्यावर मिटला.

त्या दिवसापासून आक्काला घरातल्या कशाला हात लावायची बंदी झाली. पंकजा म्हणायची, "मिक्सरला हात नका लावू, आक्का. चार्जरला नका लावू. तुमच्या हाताला यश न्हाई बगा." पंकजा वाईट नव्हती. तिनं "करा की" म्हटलेलं तिलाच नीट आठवत होतं, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. महारुद्र तर आक्काशी बोलतच नव्हता. खरं ठाऊक असलेल्या माणसाला तिच्यासमोर बसून जेवणं जड जातं.

आक्का उंबऱ्यापाशी बसून राहायची. ज्या घरात तिनं हातानं सगळं उभं केलं, तिथं तिचे हात मांडीवर पडून असायचे. शेवटी तीच म्हणाली, "सावरगावची टोळी निघायलीय कारखान्याला. पुतन्या हाय माझा त्यात. जाऊ का मी?"

तिला वाटलं असेल, भाऊ नको म्हणेल. ती कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"जाय की," महारुद्र म्हणाला. "तुजं बी मन रमंल."

ऊसतोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात. आक्काचे केस पांढरे, गुडघे सुजलेले. मुकादम म्हणाला, "म्हातारे, मोळ्या बांधशील का?" ती हो म्हणाली.

जायच्या दिवशी ती माझ्यापुढं आली. हात लावला नाही, बंदी होती ना. लांबूनच उभी राहून म्हणाली, "माझ्या हातानं तुझं वाटोळं झालं रं बाबा. मनात ठेवू नको." मी माझा पंखा होता तेवढ्या जोरानं फिरवला. तिला वाटलं मी गरम झालोय. तिनं पंकजाला सांगितलं, "खिडकी उघडत जाय गं त्याला," आणि कोयता पिशवीत घालून निघून गेली.

मी पुन्हा भरलो. थांबत, थकत, लाइट येत जात, पण भरलो. आज माझा हिरवा दिवा लागलेला आहे. महारुद्र त्याचा फोटो ग्रुपात टाकतो, पंडित त्याला अंगठा दाखवतो. माझं सगळं ठीक चाललं आहे. नुसती माझ्यावर धूळ आहे, आणि खिडकी कुणी उघडत नाही.

परवा आक्काचा फोन आला. पुतण्याच्या मोबाइलवरून, फडातून. महारुद्रनं स्पीकरवर ठेवला, कारण त्याचे हात कामात होते. तिला खोकला लागत होता. मागं ट्रॅक्टर धडधडत होता. पंकजा कशी आहे विचारलं नाही, आपलं काही सांगितलं नाही. पहिलंच विचारलं, "म्हारुद्रा, ते मशीन झालं का रं चालू? झालं असंल तर ईन मनते मी. हितं लय गारठा हाय."

महारुद्रनं मान वर केली. मी त्याच्या समोरच होतो. माझा दिवा त्याच्या तोंडावर पडला होता.

"न्हाई, आक्का," तो म्हणाला. "न्हाई झालं अजून."

"बरं बरं," आक्का म्हणाली. "मंग थांबते मी."

मला तोंड नाही. असतं तरी मी आतापर्यंत कुणाचं वाईट बोललो नाही, आताही बोलणार नाही. महारुद्रला काही सांगू नका. पण तुमच्यातलं कुणी त्या उसाच्या फडाकडं निघालं, आणि तिथं मोळ्या बांधणारी पांढऱ्या केसांची कडूबाई भेटली, तर एवढं तिच्या कानात सांगा: आक्का, मी चालू हाय. त्या दिवशीबी तुझ्या हातानं काई बिघडलं नव्हतं. घरी ये.