तारखेच्या अठरा दिवस आधी

माईंच्या लॉन्ड्रीत कोरडं असं कुणी नसेच. मशिनपाशी उभ्या राहणाऱ्यांचे पाय ओले, चादरी पिळणाऱ्यांच्या बाह्या ओल्या, इस्त्रीवाल्यांची पाठ घामाने ओली. त्यामुळे त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सुनेचा गाऊन मागून भिजलेला दिसला, तरी कुणाच्या मनात काही आलं नाही. नीळ घातलेल्या बादलीला धक्का लागला, असं खुद्द सुनेनेच हसून सांगितलं आणि पुन्हा इस्त्री उचलली.

तिला नववा महिना चालू होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून अठरा दिवस लांब होती. हॉटेलच्या चादरी पोचवायच्या तारखांना माई कॅलेंडरवर लाल गोल करत, तसाच एक गोल त्यांनी याही तारखेला करून ठेवला होता. त्यांच्या लेखी दोन्ही तारखा सारख्याच पक्क्या होत्या.

माई मनाने वाईट नव्हत्या. दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक म्हणजे डाग ओळखणं. चहाचा की गंजाचा, कालचा की आठवड्यापूर्वीचा, हे त्या नुसत्या नजरेने सांगत. दुसरी म्हणजे स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट. मुलगा झाला त्या दिवशी त्यांनी अंगावर कळा काढत बेचाळीस टॉवेलांना इस्त्री केली आणि मग आपल्या पायांनी दवाखान्यात गेल्या! हे टॉवेल दरवर्षी दोन-चारने वाढत, हे जुन्या कामगारांना ठाऊक होतं. पण नव्या सुनेला कुठून ठाऊक असणार? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने ती गोष्ट ऐकली आणि मनावर घेतली.

मध्यंतरी एकदा ती कंबर दुखते म्हणाली होती. तेव्हा माई म्हणाल्या, उभं राहून इस्त्री करणाऱ्याची कंबर दुखायचीच, माझी तर तीस वर्षं दुखतेय. सगळे हसले. त्या दिवसापासून सुनेच्या तोंडाला कुलूप लागलं.

अकराच्या आसपास गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सिस्टर चादरी घेऊन आल्या. प्रसूतीच्या वॉर्डात आयुष्य घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आल्या की माईंशी घटकाभर गप्पा मारल्याशिवाय हलत नसत. आज मात्र बोलता बोलता त्यांचं लक्ष सुनेकडेच होतं. तिने इस्त्री उभी करून ठेवली, टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा कामाला लागली. सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने तसंच झालं, आणि मग तिसऱ्यांदा.

"माई, दर सहा मिनिटांनी होतंय हे," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला कळा सुरू झाल्यात."

"छे हो! अजून अठरा दिवस आहेत. मागच्या आठवड्यातही पोट कडक झालं होतं तिचं."

"तेव्हा आडवी झाल्यावर थांबलं होतं ना? खोट्या कळा पडून राहिलं, चार पावलं चाललं की विरून जातात. खऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. ठरावीक वेळाने येतात आणि दर खेपेला जास्त जोराने येतात. राहिली तारीख. तो डॉक्टरांचा अंदाज असतो, माई. बाळाने काही त्याच्यावर सही केलेली नाही."

माई उत्तर द्यायला वळल्या आणि त्यांची नजर त्या भिजलेल्या गाऊनवर पडली. सवयीने हात पुढे गेला. गाऊन फिकट रंगाचा होता, आणि बादलीत तर नीळ होती. मग निळा डाग कुठे होता? साबणाचा वासही नव्हता. ही ओल मघापेक्षा पसरली होती आणि तिच्यावर अगदी पुसट हिरवट छटा होती. जगाचे डाग ओळखणाऱ्या माईंनी सकाळी दहा वाजता हाच गाऊन पाहिला होता आणि कानाडोळा केला होता.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहाटेपासून. थोडं थोडं गळतंय, आई. मला वाटलं लघवीच होतेय. सगळ्यांसमोर सांगायचं कसं? काल चिकट, लालसर असं काहीतरी गेलं, तेही बोलले नाही. तुम्ही बेचाळीस टॉवेल केले होते. मला निदान वीस तरी..."

बाळ हलतंय का, असं सिस्टरांनी विचारलं. सकाळपासून कमी, असं उत्तर आलं. सिस्टरांचा आवाज एकदम बदलला. पाणी गेलं की कळा असोत वा नसोत, दवाखाना गाठायचाच. पाणी हिरवट असेल, म्हणजे बाळाने पोटातच शी केली असेल, आणि त्याची हालचाल मंदावली असेल, तर क्षणभरही थांबायचं नाही, असं बजावत त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

मुलगा दारात गाडीत हॉटेलच्या चादरी भरत होता. माईंनी स्वतः दोन गठ्ठे ओढून फुटपाथवर टाकले. धुतलेल्या चादरी धुळीत पडल्या आणि त्यांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

गाडीत सून डाव्या कुशीवर पडली होती. प्रत्येक कळेला ती माईंचा हात आवळत होती, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ चावत होती. माईंना ते बघवेना.

"ओरड ग," त्या म्हणाल्या. "ऐक, एकही टॉवेल नव्हता. पहिल्याच कळेला मी जमिनीवर बसून हंबरडा फोडला होता. शेजारणीने ओढत नेलं मला. घाबरले होते हे सांगायची लाज वाटली, म्हणून ती गोष्ट रचली मी."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची कळ आली तेव्हा ती मोठ्याने ओरडली.

दवाखान्यात तिच्या पोटावर यंत्र लावलं आणि खोलीभर एक आवाज घुमू लागला. धपधप, धपधप. मध्येच तो मंदावे. मग तो पुन्हा सावरे. ते न जन्मलेलं, तोंडही न पाहिलेलं लेकरू कालपासून किती तऱ्हेने सांगत होतं! पाणी पाठवलं, कळा पाठवल्या, शेवटी हलणं कमी केलं. आणि आपण कॅलेंडर बघत बसलो! माईंचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी मुलगी झाली. आधी गप्प होती. डॉक्टरांनी तिचं नाक-तोंड पुसलं, पाठ चोळली, आणि मग ती अशी रडली की दाराबाहेर उभा असलेला बापही रडू लागला. एवढीशी छाती आणि केवढा तो आवाज! माई बघतच राहिल्या. मघापर्यंत खोलीत जो माणूस नव्हता, तो आता होता. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, कारखान्यातही अशी एखादी बाई हसतमुखाने काम करत असेल. शेवटच्या महिन्यांत पाणी गळणं, रक्त जाणं, ठरावीक वेळाने येणाऱ्या कळा, मंदावलेली हालचाल, ही बाळाची हाक असते. ती ओळखायला घरातल्या पुरुषांनीही शिकलं पाहिजे. आणि सोसण्याचं कौतुक तर आधी बंद केलं पाहिजे, कारण त्या कौतुकापायीच बाया गप्प बसतात.

आठवड्याने माई लॉन्ड्रीत परतल्या. धुणाऱ्या बायकांपैकी एकीला आठवा महिना होता. माईंना पाहताच तिने हसून विचारलं, काय माई, आता बेचाळीस टॉवेलांची गोष्ट नातीलाही सांगणार ना?

माईंनी मशिन बंद केलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मी फार घाबरले होते. आता तू सांग, तुला काय काय होतंय?"