पुतळ्याची परवानगी

"आजी, आता तुम्हाला कुशीवर वळवते हं. हा हात माझ्या खांद्यावर राहू दे. चालेल ना?"

असं विचारून माझ्या थोरल्या जाऊबाई थांबल्या. कॉटवर निजला होता तो रबरी पुतळा. तो काय बोलणार, कपाळ! पण जाऊबाई त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या त्या थांबल्याच. मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरींनी तोंडावर हात धरले. परीक्षक मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बाई, तो पुतळा आहे."

"हो मॅडम, माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. मग पुतळ्याला म्हणाल्या, "सावकाश हं, घाई नाही."

घाई नाही कशी! उकाड्यामुळे परीक्षेच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून घड्याळाचा काटा पुढे सरकताना बघत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

जाऊबाई नर्स. घरात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. भाचरं, शेजारीपाजारी, सगळे सिस्टरच म्हणतात. भावजींनीही एकदा भर लग्नात "अहो सिस्टर, चला आता" अशी हाक मारली होती, आणि लोक का हसताहेत ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र ताई म्हणते.

सासूबाईंचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा घरात बैठक बसली. "घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला?" हे एकमुखाने ठरलं. माझी बँकेतली नोकरी राहिली, त्यांची सुटली. त्यांना विचारलं होतं का? विचारल्यासारखं केलं होतं. जाऊबाईंनी पदर खोचला आणि पुढची कित्येक वर्षं त्या खोलीतच काढली. दवाखाना सुटला, आणि नर्सच्या नोंदणीचं नूतनीकरणही राहून गेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ किती दिवस टिकते ते कुठल्याही नर्सला विचारा. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची पाठ माझ्या पाठीपेक्षा नितळ होती.

त्या गेल्यावर जाऊबाईंच्या जुन्या मेट्रनबाई भेटायला आल्या. जाताना दारात म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी जागा धरून ठेवते. पण नोंदणी ताजी करून आण. त्याशिवाय मला तुला वॉर्डात पाऊल टाकू देता येणार नाही." त्या रात्री कित्येक दिवसांनी जाऊबाई पोटभर जेवल्या.

नोंदणी कार्यालयातल्या खिडकीवरच्या कारकुनाने कागद चाळले. "मधल्या वर्षांचा अनुभव?"

"सासूबाई होत्या घरी. अंथरुणाला खिळलेल्या."

"घरचं धरत नाहीत, बाई. प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागेल."

मी भांडायला पुढे झाले होते. जाऊबाईंनी माझा हात दाबला. "अगं, त्याचं काय चुकलं? उद्या प्रत्येक सून अनुभव घेऊन येईल."

आणि आता ही परीक्षा. काम म्हणाल तर त्यांच्या हातचा मळ. रोग्याला कुशीवर वळवायचं, पाठीवरची जखम धुवायची, पट्टी करायची. पण प्रत्येक पायरीला जाऊबाई आधी पुतळ्याला सांगायच्या, विचारायच्या, थांबायच्या. घंटा झाली तेव्हा पट्टीची एक बाजू अजून मोकळीच होती.

परीक्षक मॅडम वाकून बघत राहिल्या. "हात सुरेख आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण जखम उघडी. अशी मी पास कशी करू?"

खरंच होतं ते. जाऊबाईही "बरोबर आहे मॅडम" म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर आणखी एक संधी होती. तीही गेली तर पुढची परीक्षा थेट सहा महिन्यांनी, म्हणजे मेट्रनबाईंनी धरून ठेवलेली जागा गेलीच.

आवारातल्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा उघडला. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ताई, हात जोडते. दुपारी तोंडाला कुलूप लावा. त्या रबराला काय विचारायचंय? त्याला ना दुखतं ना खुपतं."

"कळतंय गं मला. पण हात पुढे जात नाहीत."

"म्हणजे?"

त्यांनी घास तसाच हातात धरला. "आई बोलायच्या नाहीत ना. पापणी मिटायच्या, ती पण सावकाश. कधीकधी बराच वेळ लागायचा. त्याआधी हात लावला की सगळं अंग ताठ करायच्या. जन्मभर घर चालवलेली बाई, आणि कोणीही येऊन पोत्यासारखं उलथंपालथं करायचं? मग मी थांबायला लागले. आता हातांना तीच सवय."

सासूबाई पापणीने हो म्हणतात हे मला, त्याच घरात राहून, माहीत नव्हतं.

दुपारी त्यांचं नाव पुकारलं. जाऊबाई कॉटजवळ गेल्या, हातमोजे चढवले, आणि मॅडमना म्हणाल्या, "वेळ सुरू करायच्या आधी रोग्याशी बोललं तर चालेल?"

मॅडमनी चष्मा काढला. नियमात तसं काही नसावं. "माझ्या घंटेआधी काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या.

जाऊबाई पुतळ्यावर वाकल्या आणि त्यांनी सगळं एकदमच सांगून टाकलं. आधी वळवीन, मग धुवीन, जरा झोंबेल, मग पट्टी, मग परत सरळ करीन. मध्ये बोलणार नाही, राग मानू नका. करू ना सुरुवात?

आणि त्या थांबल्या. पोरीही थांबल्या, या वेळी कोणी हसलं नाही. देवाशपथ सांगते, माझीसुद्धा नजर त्या पुतळ्याच्या पापण्यांवर होती. मॅडमचा हात घंटेवर होता आणि त्याही वाट बघत होत्या.

"चला," जाऊबाई म्हणाल्या.

घंटा वाजली, आणि मग जे हात चालले! एक थेंब सांडला नाही, एक हालचाल वाया गेली नाही. पट्टीच्या चारही बाजू चिकटल्या, पुतळा सरळ झाला, उशी सारखी झाली, तरी वेळ उरला होता. मॅडमनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि कागदावर सही केली. "पास. खिडकीवर जाऊन नोंदणीपत्र घ्या, सिस्टर."

मी बाकावरून उठलेच होते. पण जाऊबाई हलल्या नाहीत. सासूबाई गेल्या त्या दिवशी भावजींना सावरण्यापासून आल्यागेल्याच्या चहापर्यंत सगळं त्यांनीच बघितलं होतं. रडलो आम्ही. त्यांचं राहूनच गेलं होतं.

जाऊबाई पुतळ्याच्या कानाशी वाकल्या.

"झालं हं, आई," त्या म्हणाल्या. "येते मी."

पुढची मुलगी कॉटकडे निघाली होती. मॅडमनी तिला हाताने थांबवलं, आणि जाऊबाईंचे हातमोजे काढून होईपर्यंत तो हात तसाच आडवा धरून ठेवला.