हौदातलं पाणी

गेल्या वर्षीच्या पोलीस भरतीत माझे पाय हरले नाहीत, श्वास हरला. पहाटेची थंडी, आठशे मीटरची धाव. शिट्टी वाजली आणि पहिल्याच वळणावर छाती अशी आवळली की श्वास आत जाईना, बाहेर येईना. मागच्या मुली भराभर पुढे गेल्या. यंदाही हुकलं तर पुढची भरती कधी निघेल कुणाला ठाऊक.

म्हणून मी थंडीशीच दोस्ती करायचं ठरवलं. मोबाईलवर बर्फाच्या पाण्यात बसणारे लोक बघितले होते. आमच्या पाली गावात बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीवर, तेव्हा मी आमची विहीर पकडली. आमचं घर मळ्यातच. रोज पहाटे पळून आले की मोटार चालू करायची आणि पाइपाच्या धारेखाली बसायचं. आई विचारायची, "आम्रपाली, पाणी तापवू का गं?"

"न्हाई. भरतीची धाव जिंकली की मग तापव."

धाकटा पवन गोधडीतूनच ओरडायचा, "ताई, कावून जीव देतीस?" मी धारेखाली मुद्दाम गाणी म्हणायची. श्वास एकदाही अडकला नाही. मला वाटलं, आपण लोखंडाचे झालो. मैत्रिणींना फुकटचा उपदेशही करून झाला.

भरती तोंडावर आली आणि एका पहाटे लाईट गेली. नेम मोडायचा नाही म्हणून मी बैलांच्या हौदात उतरले. रात्रभर उघड्यावर पडलेलं पाणी. कमरेपर्यंत बुडाले नि तीच छाती, तीच आवळ. धडपडत बाहेर आले.

शेतकऱ्याची पोर मी! थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. रोज धारेतून वाफ निघत होती आणि ती मला माझ्या अंगाची वाटत होती. पवन हसून हसून बाजेवरून पडला. मला माझाच असा राग आला की रडूच फुटलं.

आणि रडता रडताच डोक्यात उजेड पडला. ज्या चोराने गेल्या वर्षी मला लुटलं, तो आमच्याच हौदात बसला होता की! मी तशीच परत उतरले. छाती आवळली. या वेळी श्वास ओढायची धडपड केली नाही. चूल फुंकावी तसा आधी सावकाश सोडला. पुन्हा सोडला. आणि छाती सुटली. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

"माय, सुटतंय गं," मी म्हणाले.

"बरं झालं. पर आता बैलांनी काय प्यावं?" आई म्हणाली आणि टॉवेल घेऊन काठावर उभी राहिली. त्यानंतर ती रोजच तशी उभी राहायची.

भरतीच्या दिवशी मैदानावर बोटं वळत नव्हती. शिट्टी वाजली. पहिल्या वळणावर छाती आवळली. ये, मी तुझीच वाट बघत होते. फुंकर मारली, सुटली, आणि मग मी जी सुटले ती शेवटच्या रेषेपर्यंत कुणाच्या हाती लागले नाही.

फाटकाबाहेर पवन फोन घेऊन उभा होता. मी तो घेऊन आईला लावला. निकाल विचारायचा तिला धीर होईना. ती हळूच म्हणाली, "पाणी तापवू का?"

"तापव माय. लई कढत तापव."