वांजिरूने घातलेल्या वेण्या

"आजी, बाटली रुसली," अहिल्या म्हणाली.

चंद्रप्रभाबाईंनी निळ्या बाटलीचा खटका दाबला, पुन्हा दाबला. शेवटी फवाऱ्याऐवजी एक पांढरा कण उडाला आणि नातीच्या बारीक वेण्यांवर जाऊन बसला. मयूर विहारच्या गच्चीवर जानेवारीचं ऊन धुक्यातून कसंबसं उतरत होतं, आणि अशा थंडीत बाईंनी पाण्यात चांगलं चमचाभर खोबरेल ओतलं होतं. ते थिजणारच. पण केस म्हटले की खोबरेल, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. सगळी नोकरी दिल्लीत काढूनही ते काही सुटलं नव्हतं.

"मम्मीचं पाणी असं नव्हतं," अहिल्या म्हणाली.

"मग कसं होतं, बाळा?"

"मम्मीसारखं."

बाईंनी बाटली कठड्यावर उन्हात ठेवली.

अविनाश, बाईंचा एकुलता एक, नोकरीसाठी नैरोबीला गेला आणि तिथल्याच वांजिरूशी त्याने लग्न केलं. बाई लग्नाला गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे तेव्हा अगदी ठणठणीत होते. पुढे फोनवर सुनेशी 'कशी आहेस, बरी आहे' एवढंच होत राहिलं, आणि दिवाळीच्या सुमारास ती गेल्याचाच फोन आला. मग अविनाशने नोएडाच्या ऑफिसात बदली मागून घेतली आणि मुलीला घेऊन तो आईकडे आला.

जाण्याआधी वांजिरूने पलंगावर बसून, थांबत थांबत, दिवसभर लेकीच्या वेण्या घातल्या होत्या. अगदी बारीक बारीक, डोकंभर. त्या कोरड्या पडू नयेत म्हणून रोज सकाळी त्यांवर घरी केलेलं पाणी फवारायचं, एवढं अहिल्याला ठाऊक होतं. पण पाणी संपलं आणि हाती उरली ती रिकामी बाटली.

बाईंनी मग प्रयोगच मांडले. कुंडीतली कोरफड काढून घोटली. जास्वंदीची पानं चुरली. मेथ्या भिजवल्या तर घरभर मेथीच्या लाडवांचा वास सुटला. अहिल्या प्रत्येक वेळी बाटलीला नाक लावायची आणि मान हलवायची.

"आई, अब बस," अविनाश एका सुट्टीच्या सकाळी म्हणाला. "त्या वेण्या सोडायलाच हव्यात. मुळाशी गुंता व्हायला लागलाय. वांजिरू इतके दिवस कधीच ठेवायची नाही. केस तुटतात यार."

अहिल्याने ते ऐकलं आणि स्वेटरची टोपी कपाळापर्यंत ओढली.

"सोडल्या की त्या मम्मीच्या राहणार नाहीत," ती म्हणाली.

बाईंनी तिची टोपी तशीच राहू दिली. पोरीचं खरंच होतं, आणि पोराचंही.

त्या दुपारी बाई सवयीप्रमाणे हाताला गुलाबपाणी-ग्लिसरीन चोळत बसल्या होत्या. दिल्लीच्या थंडीत हात फुटतात. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासूनची त्यांची ही सवय. अहिल्याचा मफलर सुटला होता म्हणून त्यांनी तो हनुवटीखाली खोचला. तशी पोरीने त्यांचा हात एकदम धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून घेतले.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हे मम्मी आहे."

"अविनाश! इकडे ये आधी!"

तो धावत आला. त्याने आईचा हात हुंगला.

"अगं, हे तर तुझंच. थंडीत तू मलाही लावायचीस ना? तिकडे मी तसंच करून ठेवायचो. वांजिरूने बघितलं आणि कोरफडीच्या पाण्याबरोबर आपल्या बाटलीत घातलं. मला वाटलं, ती कधीतरी गंमत म्हणून घालते. रोज घालत असेल, बिल्कुल ध्यानात आलं नाही. 'आईचं पाणी' म्हणायची त्याला. तुझं, म्हणून."

चंद्रप्रभाबाईंना भडभडून आलं. जिचं तोंड बघायला त्या एकदाही गेल्या नाहीत, तिने त्यांना इतकी वर्षं घरात ठेवून घेतलं होतं, लेकीच्या डोक्यावर. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पोरीसमोर खुशाल रडून घेतलं.

मग रोज गच्चीवर तो फवारा उडू लागला. उन्हात त्याचे बारीक थेंब क्षणभर तरंगायचे आणि वेण्यांवर उतरायचे. अहिल्या डोळे मिटून बसायची. बाईही मिटायच्या. अशा वेळी गच्चीवर आपण दोघीच नाही, असं त्यांना वाटायचं, आणि डोळे उघडायची घाई होत नसे.

एका रविवारी अहिल्या बाटली न आणताच येऊन बसली.

"पाणी राहील ना, आजी? नंतरपण?"

"राहील. मी करीन. तुलाही शिकवीन."

"मग सोड."

बाईंनी तळहातावर खोबरेल चोळून पातळ केलं आणि बोटांना नुसता तेलाचा हात घेऊन पहिली वेणी उकलली. खालून वर, एकेक पेड, ओढ न बसू देता. अविनाश बाजूला बसून गुंता धरून देत होता. खाली कुणीतरी रेडिओ लावला होता आणि ऊन एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर सरकत होतं.

शेवटची वेणी अहिल्याने स्वतः सोडली.

केस मोकळे झाले, पण ते नेहमीसारखे घट्ट कुरळे झाले नाहीत. पेडावर पेड पडला होता तिथे तिथे एक बारीक नागमोड उमटून राहिली होती, मुळापासून टोकापर्यंत. वांजिरूची बोटं जशी फिरली होती, तशीच.

"पाणी लागलं की जाईल ही नागमोड," अविनाश म्हणाला.

अहिल्याने खाली जाऊन बाटली आणली होती. ती आजीपुढे धरून उभी राहिली. बाईंनी बाटली घेतली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली.

"आज राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या."

संध्याकाळचं धुकं उतरायला लागलं होतं. बाईंनी आपला पदर पोरीच्या डोक्यावरून घेतला, केस चेपणार नाहीत असा अलगद, आणि दोघी सावकाश जिना उतरल्या.