माठाजवळ राहिलेली बाटली

इचलकरंजीच्या सूतगिरणीत दीपकची नोकरी पक्की झाली आणि हिवरा आश्रमातलं बिऱ्हाड हलवायचं ठरलं, त्या दिवसापासून योगिनीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ऋत्विकचं औषध.

ऋत्विक पाच महिन्यांचा. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी पाळण्यात पडल्या पडल्या त्याचा डावा अंगठा मुठीत गेला, मूठ घट्ट आवळली, डोळे एका बाजूला ओढले गेले आणि पोर आईच्या हाकेला ओ देईना. झटका होता तो. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी थेंबांचं औषध लिहून दिलं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "एकही वेळ चुकवू नका," त्यांनी बजावलं होतं. "चुकलं तर झटका परत येऊ शकतो, आणि आधीपेक्षा मोठा येऊ शकतो." तेव्हापासून औषध चुकलं नव्हतं आणि झटका आला नव्हता.

म्हणून तर सामान बांधताना योगिनीने औषधाची बाटली कशातच बांधली नाही. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. बाटली तिने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ गारव्याला ठेवली. बाळाला कडेवर घेतलं की शेवटी ती उचलायची, असं तिने मनाशी चारदा घोकलं. ड्रॉपर मात्र रात्रीच धुऊन, रुमालात बांधून बाळाच्या पिशवीत टाकला.

पहाटे फटफटलं तेव्हा दारात आयशर ट्रक उभा होता. ताडपत्री ओढून झाली होती. सासूबाई सुभद्राबाईंनी सगळ्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आळीतल्या बाया बाळाला बघायला आल्या. कुणी त्याच्या कानामागे काजळ लावलं, कुणी खणा-नारळाने योगिनीची ओटी भरली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पदराची ओटी. ड्रायव्हर धम्मरत्नने हॉर्न दिला, दीपकने तिला दंडाला धरून वर घेतलं, आणि गाडी निघाली.

धम्मरत्न मेहकरचा, दीपकच्या शाळेतला. रात्रभर सामान चढवायला तोही लागला होता, पण त्याचा चेहरा ताजा होता.

"वहिनी, झोपा बिनधास्त. तुमचा फ्रिज, तुमचं कपाट, तुमचा नवरा, सगळं बांधून घेतलं."

"नवरा बांधलेलाच हाय," दीपक डोळे मिटत म्हणाला. "तू समोर पाह्य बे."

तेवढ्यात दीपकचा फोन वाजला. मिलमधल्या कुणाचा तरी होता. त्या आवाजाने ऋत्विक दचकला आणि त्याचे दोन्ही हात हवेत उडाले. योगिनीने त्याला छातीशी धरलं.

"तो फोन बंद करा आधी. दचकून राह्यलं लेकरू."

दीपकने आवाज बंद केला, फोन खिशात टाकला आणि थोड्या वेळात तो घोरायला लागला. योगिनीचा स्वतःचा फोन सामानातल्या पर्समध्ये, ताडपत्रीखाली होता. मेहकर गेलं, सुलतानपूर गेलं, बिबी गेलं. गाडी भरलेली, म्हणून संथ चालली होती. बाळ झोपलं होतं. उठलं की पाजायचं आणि औषध द्यायचं, योगिनी मनात घोकत होती.

दुसरबीडला धम्मरत्नने एका हॉटेलच्या बाजूला, कडुनिंबाच्या सावलीत गाडी घेतली. या रस्त्यावरचे ड्रायव्हर बहुतेक इथेच चहाला थांबतात. ऋत्विक जागा झाला. योगिनीने त्याला पाजलं, पदर सावरला आणि पिशवीत हात घातला. दुपटी, लंगोट, थर्मास, रुमाल. रुमालात ड्रॉपर. तिने पिशवी सीटवर उपडी केली. मग ओटीतले तांदूळसुद्धा चाचपले.

"अहो," ती म्हणाली. दीपकने तिच्याकडे पाहिलं आणि हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बाटली राह्यली. माठाजवळ."

मग दीपक धावतच रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये गेला. बाटलीवरचं नाव त्याला पाठ होतं. दुकानदाराने मान हलवली. "हे इथं नाही मिळायचं. जालन्याला पाहा. आणि तोवर त्याच्यासारखं म्हणून दुसरं काही देऊ नका लेकराला."

परत येता येता दीपकने घरी लावायला फोन काढला, आणि चालता चालता थांबलाच. पडद्यावर न उचललेल्या फोनची रांग होती. सगळे घरचे.

वडिलांनी, नारायणरावांनी, पहिल्या रिंगला फोन उचलला आणि ते ओरडूनच बोलायला लागले. फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

"अरे, केव्हाचे फोन लावून राह्यलो! तुह्यी माय बाटली घेऊन निघाली. रामच्या गाडीवर. मी सांगतलं तिले, दुसरबीडले चहाले थांबतात म्हणून. तिथंच राहा!"

राम म्हणजे दीपकचा चुलतभाऊ. त्याला फोन लावला तर वाजत राहिला. गाडी चालवताना तो उचलणार कसा?

"असं करू," दीपक म्हणाला, "आपण हळूहळू जालन्याकडं निघू. फटफटी हाय, राम गाठीनच आपल्याले. नाही गाठलं तर जालन्यात मेडिकल हायच."

"नाही."

"योगिनी, इथं बसून काय..."

"अन् ते इथं येऊन आपल्याले शोधत बसले तर? राम फोन उचलून नाही राह्यला. गाडी हालली तर मी लेकरू घेऊन इथंच उतरीन. सांगून ठेवतो."

धम्मरत्नने चावी काढून खिशात टाकली. "गाडी नाही हालत. मी रोडवर उभा राह्यतो. सावलीत गाडी दिसत नाही तिकून, मी दिसीन. एवढं मोठं पोट कोणाले दिसणार नाही?" तो हसला नाही, पण बोलला मात्र हसवण्यासाठीच, आणि रस्त्याच्या कडेला उन्हात जाऊन उभा राहिला.

योगिनी बाळाच्या डाव्या हाताकडे बघत बसली.

लहान बाळ मूठ मिटतंच. अंगठा आत ठेवून मिटतं, बोटं चोखतं, उगाचच हात झाडतं. हे तिला ठाऊक होतं. पण आज प्रत्येक वेळी मूठ मिटली की ती अंगठा बाहेर काढायची, आणि प्रत्येक वेळी ऋत्विक तो परत आत घ्यायचा. मध्येच तो एका बाजूला टक लावून बघायला लागला. तिने पटकन वळून पाहिलं. मग कळलं, हॉटेलवाल्याच्या स्टोव्हची निळी ज्योत होती तिकडे. तिने बाळाला फिरवून बसवलं. आता तो तिच्या मंगळसूत्राकडे टक लावून बघायला लागला. तिने चुटकी वाजवली. त्याने पाहिलं का? पाहिलं. की नुसती मान वळली?

ऊन सावलीच्या कडेकडेने आत सरकत होतं. नेहमीची औषधाची वेळ टळून गेली होती. दीपक एकदा रस्त्यावर जायचा, एकदा परत यायचा. त्याने दोनदा विचारलं, "ठीक हाय ना?" दुसऱ्यांदा तिने त्याच्याकडे न बघता बाळाचा अंगठा परत बाहेर काढला.

शेवटी रस्त्यावरून धम्मरत्नची आरोळी आली. "आले, आले!"

रामची गाडी धुळीत वळली. मागे सुभद्राबाई, पदर हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला, पापण्यांवरसुद्धा धूळ. एका हाताने त्यांनी रामचा सदरा धरला होता आणि दुसरी मूठ छातीशी घट्ट. उतरताना रामने धरलं नसतं तर पडल्या असत्या. मुठीत ओल्या फडक्यातली बाटली होती.

योगिनीने बाटली घेतली, ड्रॉपर काढला. घाईत ड्रॉपरवरची रेघ सापडेना. "आण इकडं," सुभद्राबाई म्हणाल्या, पण त्यांना रेघ दिसेना. दीपकने दोघींच्या हातून ड्रॉपर घेतला, उन्हाकडे धरून औषध मोजलं आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला हळूच सोडलं. ऋत्विकने तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि थोडं ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

"किती गेलं?" योगिनीने विचारलं.

"जास्त आतच गेलं."

"किती?"

ते कुणाला सांगता येणार? दीपकने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर तपासणीत होते, पण नर्सबाई बोलल्या. परत देऊ नका, त्या म्हणाल्या. जास्त झालं तर तेही वाईट. थोडा वेळ तिथेच थांबा आणि बघत राहा. मूठ आवळली, डोळे फिरले तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. नाही तर संध्याकाळचं औषध वेळेवर द्या आणि मुक्कामाच्या गावी पोचलात की तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

मग सगळे बघत बसले. राम पाणी प्यायला. धम्मरत्नने सुभद्राबाईंना खुर्ची आणून दिली, पण त्या पायरीवरच टेकल्या.

योगिनीने बाळावरची नजर न हलवता सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, बाटली तुम्हाले दिसली कधी?"

सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमची गाडी पाराजवळ होती तेव्हा. मी पाणी प्यायले माठाकडं वळली."

"पाराजवळ?" दीपक म्हणाला. "आई, पार आपल्या दारातून दिसते! एक आवाज दिला असता तर..."

"हाव. हाक आलती तोंडात."

"मग?"

"दाबली. असा पदर धरला तोंडावर." त्यांनी पदर धरून दाखवला. "लेकराचा पहिला प्रवास, एवढ्या लांबचा. निघालेल्याले मागून टोकलं अन् वाटेत काही झालं तर?"

"अन् फोन? फोन काऊन नाही केला लगेच?"

"फोन म्हणजे बी हाकच होय ना. म्हटलं नदी ओलांडू द्या, मंग टोक लागत नाही. पूल ओलांडला असन असं वाटल्यावर लावला, तर तुम्ही उचलून नाही राह्यले."

धम्मरत्नच्या तोंडून फस्सकन हसू निघालं आणि त्याने लगेच तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. दीपक उठून चार पावलं लांब गेला. त्याला जे बोलायचं होतं ते आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

योगिनीलाही खूप बोलावंसं वाटत होतं. एवढी शिकलेली सून घरात, रोज औषध देताना बघता, आणि तरी! पण फोनचा आवाज बंद करायला तिनेच सांगितलं होतं. बाटली माठाजवळ तिनेच ठेवली होती. त्यामुळे राग कमी झाला नाही. तो नुसता कुणावर काढावा हे कळेनासं झालं.

ऋत्विक पेंगायला लागला. त्याची मान तिच्या दंडावर कलंडली. मूठ सैल झाली, बोटं एकेक करून उलगडली आणि तळहात वर करून तो झोपी गेला. सुभद्राबाई पुढे वाकून बघत होत्या. त्यांनी हात लावला नाही.

बराच वेळ गेल्यावर धम्मरत्न अदबीने म्हणाला, "वहिनी, निघायचं काय? जालना गाठलं की बरं. मोठे दवाखाने तरी हायत तिथं."

दीपक गाडीकडे निघाला. योगिनी उठली नाही. तिला इचलकरंजीची ती खोली दिसत होती, जी तिने अजून पाहिलीही नव्हती. दीपक पाळीवर गेलेला, शेजारी कोण ते माहीत नाही, दवाखाना कुठल्या गल्लीत ते माहीत नाही. आणि हे बाळ आणि ती. दोघंच.

"आत्याबाई, तुम्ही चला."

"कोठी?"

"आमच्यासंगं."

"मी? अवं, या लुगड्यावर? पायात ही स्लीपर. चष्मा बी घरीच राह्यला माहा. म्हशीचं कोण पाह्यीन?"

"मले एकटीले भेव वाटते." योगिनीने बाळावरचं दुपटं सारखं केलं. "तुमच्यावर राग आला हाय मले. तो लवकर जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पण चला."

सुभद्राबाईंनी मुलाकडे पाहिलं. दीपकने सीटमागच्या फळीवरची गादी सरकवून स्वतःसाठी जागा केली, म्हणजे समोर दोघी मावल्या असत्या. सुभद्राबाईंनी हनुवटीखालची गाठ सोडली, तोंड पुसलं आणि दीपकचा फोन मागून घेतला.

"अहो, ऐका. औषध देलं. लेकरू झोपलं. मी चालली इचलकरंजीले."

"कोठी?" नारायणरावांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"पोराच्या घरी. सांजची धार तुम्हीच काढजा. भाकरी सारिका देईन शेजारून, मी तिले फोन करतो. लुगडी पाठवून द्या कोणासंगं."

"अन् येशीन कधी?"

सुभद्राबाईंनी योगिनीकडे पाहिलं. योगिनी बाळाला सावरत गाडीत चढत होती. तिने मागे वळून म्हटलं, "लेकरू बसाले लागलं म्हणजे."

"ऐकलं," नारायणराव ओरडले. "म्हैस लाथ मारते मले, एवढं ध्यानात ठेवजा!"

राम घराकडे वळला. धम्मरत्नने गाडी रस्त्यावर घेतली. सिंदखेडराजाकडचा रस्ता उन्हाने चकाकत होता. सुभद्राबाईंनी स्वतःचा पदर खिडकीला लावून बाळावर सावली धरली. योगिनीने बाटलीचं फडकं थर्मासमधल्या पाण्याने परत भिजवायला घेतलं, आणि हाताला चटका बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ते पाणी गरम आहे. सुभद्राबाईंनी पायाजवळची गार पाण्याची बाटली उचलून तिच्याकडे दिली.

"सांजच्या येळेले आपण कोठी असू?" योगिनीने धम्मरत्नला विचारलं.

"बीडच्या पुढं कुठंतरी. रस्त्यात काय लागते, त्यावर हाय."

"कुठंतरी नाही," ती म्हणाली. "गाव सांगा. दवाखाना असलेलं गाव."

धम्मरत्न विचार करायला लागला.