तोंडपाठ होकार

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रारच नव्हती. कागदावर मेंदूचं चित्र काढलं, डावीकडच्या रक्तवाहिनीवर वाटाण्याहून लहान असा फुगा काढला आणि दोन वाटा सांगितल्या. एक, उद्या सकाळी ऑपरेशन करून त्या फुग्याला चिमटा लावायचा. दुसरी, हात लावायचा नाही. रक्तदाब सांभाळायचा, वर्षाकाठी तपासणी करायची आणि तो वाढतोय का बघायचं. मग खुर्ची पुढे ओढून त्या पोपटरावांना म्हणाल्या, "आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा."

पोपटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नाटक कंपनीत ते आयुष्यभर प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं आणि विसरणाऱ्या नटांना पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. एकदा कानावर पडलेलं ते विसरत नसत, म्हणून हे नाव चिकटलं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. फुग्याचा आकार, तो फुटण्याची शक्यता थोडी, पण शून्य नाही, तो भाषेच्या भागाला लागून आहे, त्यामुळे ऑपरेशननंतर शंभरातल्या पाचजणांना बोलायला, वाचायला, शब्द आठवायला कायमची अडचण राहू शकते. सगळं. डॉक्टरबाई जिथे श्वास घ्यायला थांबल्या होत्या, तिथे तेही थांबले. शेवटी म्हणाले, "ऑपरेशन करू या."

डॉक्टरबाई खूश झाल्या. इतकं समजून घेणारा पेशंट विरळाच, असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. संध्याकाळी सही घ्यायला येणार होत्या.

शेजारी बसून ऐकणाऱ्या पोपटरावांच्या बायकोला मात्र हे पटलं नाही. ती त्याच कंपनीचा कपडेपट सांभाळायची. सगळे तिला मावशी म्हणत. नवऱ्याचं पाठांतर ती पुरतं ओळखून होती. शब्द कानातून शिरत आणि तोंडातून बाहेर पडत, मध्ये कुठे मुक्काम म्हणून करत नसत. बिचाऱ्यांचा दोष नव्हता, धंद्याची शिस्तच तशी. प्रॉम्प्टर गोष्टीत रमला की त्याची ओळ हरवते. एका नाटकाचे ढिगाने प्रयोग झाल्यावर तिने सहज विचारलं होतं, त्या धाकट्या सुनेनं शेवटी घर का सोडलं हो? तर महाशय बुचकळ्यात पडून म्हणाले, सोडलं का? या किश्शावर कंपनी वर्षानुवर्षं हसली. मावशीही हसायची. आज तो आठवला, पण तिला हसू आलं नाही.

पोपटराव उशीला टेकून निवांत पडले होते. भीती वाटते का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, कशाची? बरं, ऑपरेशनच का? तर म्हणे, डॉक्टरबाईंनी ते आधी सांगितलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शर्ट घेतानासुद्धा माणूस दुसरा शर्ट निदान उलगडून बघतो.

तिने बाहेर जाऊन लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, बाबांनी ठरवलंय ना, आता तू घोळ घालू नकोस. पण ठरवलं होतं कुठे? घोडं तिथेच तर पेंड खात होतं. बरं, मध्ये पडावं आणि उद्या तो फुगा फुटला, तर खापर तिच्याच डोक्यावर. दोन्हींतलं कुठलं बरं, हे तिलाही कळत नव्हतं. खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना. त्यांच्या वतीने सरळ नको म्हणून मोकळं व्हावं, असं तिला दहादा वाटलं. पण डोकं त्यांचं होतं आणि त्यातले शब्दही त्यांचेच.

संध्याकाळी डॉक्टरबाई पेन काढून उभ्या राहिल्या, तेव्हा मावशी म्हणाली, "यांना समजलेलं नाही."

"अहो, शब्द न शब्द सांगितला त्यांनी."

"म्हणूनच म्हणते."

पोपटरावांचा चेहरा पडला. चारचौघांत बायकोने अशी लाज काढावी, याचं त्यांना वाईट वाटलं. मावशीने ते पाहिलं, तरी मागे हटली नाही.

"अहो, त्या पाचजणांत तुम्ही असलात तर? घरी आलात. चहा करू का, म्हणून मी विचारलं. तुम्हाला हवाय, पण तो शब्दच सापडत नाहीये. मग?"

पोपटरावांनी तोंड उघडलं. त्यांनी बाजूला पाहिलं, नट विंगेकडे पाहतात तसं. तिथे नुसता सलाईनचा खांब होता.

डॉक्टरबाई मदतीला पुढे वाकल्या. मावशीने बोट वर केलं. थांबलेला माणूस विसरलाय की शोधतोय, हे ओळखता आलं पाहिजे, घाईने शब्द पुरवला की प्रसंग मेलाच, हे तिला नवऱ्याकडूनच कळलेलं होतं. तिच्या जिभेवर 'नको म्हणा' अगदी तयार होतं. तिने ते गिळलं.

"वाचता नाही आलं तर..." पोपटराव चाचरत म्हणाले. "आणि नाही केलं, तर तो डोक्यात घेऊन झोपायचं. रोज. फुटला तर घरात ही एकटी." मग डॉक्टरबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही केलेल्यांत असं कुणाचं झालंय?"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या बसल्या. "दोघांचं. एकजण अजून मुलीचं नाव घेताना अडखळतात."

पोपटरावांनी मावशीचा हात धरला. "मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले. मग डॉक्टरबाईंना, "उद्या नको. मला नीट विचार करायचाय."

डॉक्टरबाई म्हणाल्या की एवढी घाई नाही, तुम्ही वेळ घ्या. उद्याचं त्या रद्द करणार होत्या. मग त्यांनी दुपारचंच पुन्हा विचारलं, सांगा बघू काय कळलं ते.

पोपटराव सांगू लागले. फुग्याचा आकार चुकला. दुसरी वाट आधी आली, पहिली मागून. दोनदा मध्येच थांबून त्यांनी नव्याने सुरुवात केली आणि 'रक्तवाहिनी'पाशी पार अडले. मावशीला तो शब्द येत होता. ती ओठ घट्ट मिटून बसून राहिली.